फॉल्ट आत की बाहेर?

गुरुवारी आमच्या भागातली वीज देखभालीसाठी जाते. सकाळी नऊच्या सुमारास गेली की दुपारी तीन-चारला उगवते. पुण्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही; जेवणाचा डबा, पाण्याची बादली आणि गुरुवार यांचा हिशेब आम्ही मनातल्या मनात करूनच ठेवतो. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या गुरुवारला एक शेपूट फुटलं. वीज यायची, फ्रीज घरघरायला लागायचा, राऊटरचे दिवे हिरवे व्हायचे आणि शोकेसवर ठेवलेली साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी मात्र लाल डोळा मिचकावत बसायची.

ती डबी म्हणजे हब. दोन वर्षांपूर्वी रात्री पॅसेजमध्ये अंधारात पडून मी मनगट मोडून घेतलं. मुलगी-जावई राहतात बाणेरला. दर रात्री कोण येणार? जावयांनी एका रविवारी येऊन घरभर बोटाएवढे सेन्सर चिकटवले, चार दिवे बदलले, स्वयंपाकघरात गॅसचा वास ओळखणारं यंत्र लावलं आणि या सगळ्यांचा म्होरक्या म्हणून ही डबी बसवली. "आई, आता तुम्ही पाय खाली टेकवलात की दिवा लागेल," म्हणाले. लागायचाही. फक्त गुरुवारी रात्री लागायचा नाही.

मी फोन केला की ते तिकडून सांगायचे, "आई, राऊटर आणि हब दोन्ही बंद करून परत चालू करा बरं." मी करायचे. डबीचा डोळा पांढरा व्हायचा. पुढच्या एखाद्या गुरुवारी पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी माझं डोकं फिरलं. जावयांवर नव्हे, त्या उपायावर. जो फॉल्ट का आला ते कळलं नाही आणि का गेला तेही कळलं नाही, तो गेलेला नसतो, दडून बसलेला असतो. हे मला कुणी पुस्तकात शिकवलेलं नाही. १९७९ साली एकविसाव्या वर्षी मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले आणि पुढची कितीतरी वर्षं टेस्ट डेस्कवर बसून लोकांच्या मेलेल्या फोनांची नाडी पाहिली. तिथे शिकले.

टेस्ट डेस्क आता नव्या पिढीला दाखवायलाही उरलेलं नाही, म्हणून जरा सांगते. लांबट लाकडी मेज, त्यावर पितळी किल्ल्यांची रांग, दोऱ्यांना लावलेले प्लग आणि मधोमध एक मोठं व्होल्टमीटर. लोक १९८ फिरवून तक्रार द्यायचे. तक्रारीचं कार्ड माझ्याकडे यायचं. एक्स्चेंजमध्ये शहरातून येणाऱ्या सगळ्या तारा ज्या लोखंडी चौकटीवर येऊन बसतात तिला एम.डी.एफ. म्हणतात. तिथला माणूस ग्राहकाची जोडी माझ्या मेजावर जोडून द्यायचा आणि मी किल्ली दाबून काट्याकडे बघायचे.

काटा काय काय बोलायचा! त्या काळच्या फोनमध्ये घंटीला जोडून एक कंडेन्सर असे. तारेवरची बॅटरी उलटसुलट केली की तो कंडेन्सर भरायचा-रिकामा व्हायचा आणि काटा टुणकन उडी मारून परत यायचा. या उडीला आम्ही किक म्हणायचो. किक आली म्हणजे इथून ग्राहकाच्या घरातल्या घंटीपर्यंत तार अखंड आहे. नाही आली म्हणजे 'डिस', कुठेतरी तुटली. काटा एका बाजूला जाऊन तिथेच रेलला आणि मोजणी एका तारेची जमिनीशी असेल तर 'अर्थ', म्हणजे तार ओल धरून जमिनीला चिकटली. दोन्ही तारा एकमेकींना भेटल्या असतील तर 'लूप'. लुपात शंभरातल्या नव्वद वेळा तार बिचारी ठणठणीत असायची, कुणीतरी रिसीव्हर नीट ठेवलेला नसायचा. मग आम्ही हाउलर सोडायचो. ग्राहकाच्या टीपॉयवरचा रिसीव्हर गळा काढून रडायला लागायचा आणि कुणीतरी धावत येऊन तो जागेवर ठेवायचं. काटा परत. फॉल्ट बंद. शिपाई नाही, शिडी नाही.

या सगळ्यात मला आवडायचा तो 'कॉन्टॅक्ट'. दोन वेगवेगळ्या ग्राहकांच्या तारा कुठल्या तरी सांध्यात एकमेकींना लागल्या की ग्राहक म्हणतो, "अहो, मध्येच दुसऱ्यांचं बोलणं ऐकू येतं." लोकांच्या भाषेत क्रॉस कनेक्शन. हे ओळखायची रीत फार सुंदर होती. आपली बॅटरी काढून घ्यायची. तारेला काहीही द्यायचं नाही. नुसतं व्होल्टमीटर लावायचं आणि बघायचं. आपण काही दिलेलं नसताना काटा हलला, तर ती वीज दुसऱ्या कुणाची तरी आहे. याला म्हणायचे फॉरिन बॅटरी. आमचे सुपरवायझर, त्यांना सगळं एक्स्चेंज अण्णा म्हणायचं, ते नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगत: "आपण गप्प बसल्यावर जो बोलतो, तो चोर."

आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, प्रत्येक कार्डावरचा पहिला: फॉल्ट आत की बाहेर? एम.डी.एफ.वर मधला दुवा उपसला की लाइनीचे दोन तुकडे होतात. एक्स्चेंजकडचा तुकडा नीट असेल तर बाहेर बघा. बाहेरचा नीट असेल तर आमच्या यंत्रात बघा. मग बाहेरचेही दोन तुकडे: रस्त्याकडेच्या पिलरपर्यंत आणि पिलरच्या पुढे. मग पिलरपासून खांबावरच्या जोडपेटीपर्यंत, म्हणजे डी.पी.पर्यंत, डी.पी.पासून घरापर्यंत. दर वेळी निम्मं शहर संशयातून मोकळं करायचं. हे न करता थेट शिडी लावणारा लाइनमन दिवसभर घाम गाळायचा आणि संध्याकाळी कार्ड जसंच्या तसं परत यायचं.

असं विभागून बघायची अक्कल माणसाला फार महागात मिळाली आहे. १८५८ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली तार पडली. राणी व्हिक्टोरियाचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सोळा तास लागले, इतका इशारा क्षीण. तारेचा विद्युत कारभार पाहणारे वाइल्डमन व्हाइटहाउस हे मुळात शल्यवैद्य. रोग्याला गुण येत नाही म्हटल्यावर त्यांनी मात्रा वाढवली. सुमारे दोन हजार व्होल्ट तारेत सोडले. आधीच अशक्त झालेलं आवरण जागोजागी खचलं आणि तीन आठवड्यांत तार गेली. तिकडे विल्यम थॉमसन, पुढचे लॉर्ड केल्व्हिन, आरसा लावलेला नाजूक गॅल्व्हानोमीटर घेऊन बसले होते. त्याला अगदी इवलासा प्रवाह पुरे. आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका हलला की अक्षर वाचायचं. एकाला तारेला ओरडायला लावायचं होतं, दुसऱ्याला आपले कान तीक्ष्ण करायचे होते. टेस्ट डेस्कवाली बाई म्हणून माझं मत कुणाच्या बाजूला पडतं ते सांगायला नको.

आपल्याकडे त्याआधीच तारखात्याची मुहूर्तमेढ रोवली गेली होती आणि तीही डॉक्टरांच्याच हातून. विल्यम ओशॉनेसी हे कलकत्त्याला रसायनशास्त्र शिकवणारे वैद्य. १८५१ मध्ये त्यांनी कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी लाइन टाकली आणि १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडले गेले. विलायतेत बारीक तार चालायची. यांनी बोटाएवढ्या जाडीचे लोखंडी गज वापरले, कारण इथे तारेवर पक्ष्यांचे थवे बसणार, माकडं लोंबकळणार हे त्यांनी धरून ठेवलं होतं. फॉल्ट येण्याआधी फॉल्टचा विचार करणारा हा माणूस मला व्हाइटहाउसपेक्षा शंभर पटींनी शहाणा वाटतो.

१८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनकडे समुद्री तार टाकली, तेव्हा तार तुटली तर कुठे तुटली हे किनाऱ्यावर बसून मोजण्याचं शास्त्र तयार झालेलं होतं. अमुक मैल तारेला अमुक रोध, म्हणून मोजलेल्या रोधावरून मैल काढायचे. आमच्या वेळी शहरातल्या केबलसाठी तीच युक्ती मरे लूप या नावाने चाले. खराब तार एका चांगल्या तारेला पलीकडच्या टोकाला जोडायची, अलीकडे व्हीटस्टन ब्रिजवर काटा शून्यावर आणायचा आणि गुणोत्तरावरून अंतर काढायचं. व्हीटस्टन ब्रिज, खरं म्हणजे, सॅम्युअल हंटर क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडला. व्हीटस्टन यांनी तो लोकांत आणला आणि नाव त्यांचं लागलं. खात्यात असं पुष्कळ होतं. अंतर मीटरमध्ये निघायचं आणि खोदकामवाले टेप धरून बरोबर तिथे पोचायचे. तिथे हटकून चहाची टपरी असायची.

पावसाळ्याचे चार महिने आमचा हंगाम. कागदी वेष्टनाच्या तारा, वरून शिशाचं आवरण. शिशाला केसाएवढी चीर पडली की पाणी आत, कागद ओला, आणि शंभर-दोनशे फोन एका रात्रीत 'अर्थ'. गंमत अशी की उघडीप पडली, दोन दिवस ऊन तापलं की यातले निम्मे फोन आपोआप सुरू व्हायचे. मग मी लाइन तपासायचे तर काटा साजूक. कार्डावर तीन अक्षरं लिहून ते बंद करायचं: आर.डब्ल्यू.टी. राइट व्हेन टेस्टेड. तपासलं तेव्हा ठीक होतं. खोटं त्यात काहीच नाही. पण पुढच्या सरीला तोच ग्राहक पुन्हा १९८ वर, आवाज एक पट्टी वर. अण्णांना या तीन अक्षरांची चीड होती. एकाच नंबरची आर.डब्ल्यू.टी.ची तीन कार्डं झाली की ते ती एकत्र टाचून माझ्यासमोर ठेवायचे आणि विचारायचे, "यांत सारखं काय आहे?" तारीख? वेळ? पाऊस? रस्त्यावरचं काम? एकदा एका वकिलांचा फोन फक्त संध्याकाळी बंद पडायचा आणि सकाळी तपासायला जावं तर ठीक. कार्डं टाचल्यावर सुचलं: त्यांच्या पक्षकारांची बैठक संध्याकाळी. खुर्च्या सरकायच्या आणि भिंतीकडेच्या खुर्चीचा पाय रोझेटला, म्हणजे फोनची तार जोडलेल्या भिंतीवरच्या डबीला, ढोसायचा.

जावयांचं 'बंद करून चालू करा' हे मला याच तीन अक्षरांचं नवं रूप वाटतं. आर.डब्ल्यू.टी.त निदान पुरावा जागेवर राहायचा. यात तोही पुसला जातो.

नेटवर्कच्या जगात हे सगळं पहिल्या दिवसापासून आहे. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला विद्यार्थी चार्ली क्लाइन याने साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या यंत्राला 'लॉगिन' शब्द पाठवायला घेतला. पलीकडे बिल डुव्हाल. एल पाठवलं, पोचलं. ओ पाठवलं, पोचलं. जी पाठवलं आणि पलीकडचं यंत्र कोसळलं. म्हणजे ज्याच्यातून पुढे इंटरनेट झालं त्यावरचा पहिला संदेश अर्धवट आणि पहिला अनुभव फॉल्टचा. माझा जीव ज्या तपशिलात अडकतो तो वेगळाच आहे: हे दोघे एकमेकांशी त्या वेळी साध्या टेलिफोनवर बोलत होते. अक्षर पोचलं का, हे फोनवर विचारत होते. नवी तार चालते की नाही हे जुन्या तारेवरून विचारायचं. तासाभराने कारण सापडलं आणि पूर्ण शब्द गेला.

माझ्या व्होल्टमीटरच्या किकची बहीण मात्र १९८३ च्या डिसेंबरात जन्मली. अमेरिकी लष्कराच्या मेरिलंडमधल्या प्रयोगशाळेत माइक मूस यांनी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पलीकडच्या यंत्राला हाक मारायची आणि 'ओ' यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पाणबुड्या शोधताना सोनारचा जो आवाज होतो त्यावरून नाव ठेवलं पिंग. मूस यांनीच सांगून ठेवलेला एक किस्सा आहे. एका कार्यालयात नेटवर्क मध्येच जायचं, मध्येच यायचं. तिथल्या माणसाने पिंगला उत्तर आलं की संगणकाने मोठ्याने 'पिंग' म्हणावं अशी सोय केली, ते स्टिरिओला जोडलं, आवाज पार वर नेला आणि इमारतभर हिंडत एकेक केबलचं टोक हलवत सुटला. ज्या टोकाशी आवाज थांबला, तो फॉल्ट. अण्णांनी या माणसाला चहा पाजला असता.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं आणि माझ्या मेजावर अशा तक्रारी यायला लागल्या की माझ्या काट्यालाही प्रश्न पडावा. लाइन उत्तम, किक उत्तम, ग्राहक म्हणतो जोडणी तुटते. तारेवरची जी खरखर आपण "ऐका हो जरा मोठ्याने बोला" म्हणून पचवतो, ती मॉडेमला पचत नाही. शिवाय घरात एकाच लाइनीवर दोन फोन. मुलगा आत मॉडेम लावून बसलेला, बाहेर आजीने भजनी मंडळाला फोन लावायला रिसीव्हर उचलला की मुलाचं जग बंद. ब्रॉडबँड आल्यावर तर घराघरांत स्प्लिटर नावाची डबी आली. त्यातून आवाज एका वाटेने, डेटा दुसऱ्या वाटेने. लोक दुसरा फोन स्प्लिटरच्या अलीकडूनच जोडायचे आणि मग आम्हाला विचारायचे. नोकरीची शेवटची बारा वर्षं मी याच तक्रारींवर काढली. लॅपटॉप हाताळायला तिथे शिकले. एरवी मी पिंग-बिंग कशाला करत बसले असते?

तोवर 'आत' या शब्दाचा अर्थ बदलला होता हे मला तिथे उमगलं. आमच्या उमेदीत ग्राहकाच्या घरातला काळा फोनसुद्धा खात्याच्या मालकीचा. आत असो, बाहेर असो, माणूस आमचाच जायचा. पुढे उपकरणं ग्राहकाची झाली, मग घरातली तार, मग राऊटर. आत म्हणजे तुमचं तुम्ही बघा.

घर स्वतःहून दिवे लावेल, हे स्वप्नही वाटतं तितकं आजचं नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथेस गावी पिको इलेक्ट्रॉनिक्स नावाची छोटी कंपनी होती. १९७५ मध्ये तिने आपल्या दहाव्या प्रयोगातून एक पद्धत काढली, म्हणून नाव एक्स-टेन. वेगळी तार टाकायचीच नाही. घरातल्या विजेच्या तारेवरूनच, वीज दर फेऱ्यात ज्या क्षणी शून्यावर येते तो क्षण साधून, एकशेवीस किलोहर्ट्झचा एक झटका पाठवायचा. झटका आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. १९७८ पासून हे अमेरिकेतल्या दुकानांत मिळू लागलं आणि त्याबरोबर फॉल्टची एक नवी जातही मिळू लागली.

अमेरिकी घरात वीज दोन फाट्यांनी येते. अर्धे प्लग एका फाट्यावर, अर्धे दुसऱ्यावर. दिवाणखान्यातून पाठवलेला झटका दुसऱ्या फाट्यावरच्या झोपायच्या खोलीत पोचायचं म्हणजे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन परत यायचा, आणि तोवर त्याच्यात त्राण उरत नसे. लोक चक्रावायचे: दिवा दुपारी हुकूम ऐकत नाही, संध्याकाळी ऐकतो. कारण संध्याकाळी स्वयंपाकघरातली मोठी विजेची शेगडी पेटायची. ती दोन्ही फाट्यांवर जोडलेली असे, त्यामुळे झटक्याला पूल मिळायचा. भाजी शिजतेय तोवर दिवा आज्ञाधारक. वकिलांच्या खुर्चीचा पाय मला इथे आठवतो.

दुसरा घोटाळा त्याहून मजेचा. प्रत्येक घराने सोळा अक्षरांपैकी एक निवडायचं आणि त्याखाली सोळा उपकरणं, अशी एकूण दोनशेछप्पन्न नावं. शेजाऱ्याने तेच अक्षर निवडलं असेल आणि दोघे एकाच ट्रान्सफॉर्मरवर असतील, तर तो आपला पंखा लावायला जायचा आणि तुमचा दिवा लागायचा. कॉन्टॅक्ट! तारा कुठेही चिकटलेल्या नाहीत, फक्त नाव एक. हे वाचलं तेव्हा मी लक्षात ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं.

पुढे हे सगळं तारेवरून हवेत गेलं. झिगबी नावाची पद्धत वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या गल्लीत राहते. म्हणून हब राऊटरच्या डोक्यावर ठेवला की बिचाऱ्याला ऐकू येत नाही, आणि मायक्रोवेव्ह लावला की दोघांनाही कमी ऐकू येतं. झेड-वेव्ह नावाची दुसरी पद्धत वेगळ्या गल्लीत, पण ती गल्ली देशागणिक बदलते. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या मुलाने न्यू जर्सीहून येताना बॅगेतून हब आणला. तिकडचा हब ९०८ मेगाहर्ट्झवर बोलणार, इथली उपकरणं ८६५ वर ऐकणार. आठ दिवस ते दोघे मॅन्युअल वाचत होते. असल्या फॉल्टला दुरुस्ती नसते. शिवाय आपल्याकडे ९०८ च्या आसपास मोबाइलवाल्यांची वस्ती आहे, तिथे घुसायची परवानगीच नाही.

आणि आता 'आत' आणि 'बाहेर' यांच्या जोडीला 'वर' आलं आहे. क्लाऊड. खोलीतलं बटण आणि खोलीतला दिवा यांच्यामधली वाट परदेशातल्या सर्व्हरवरून जाते. २८ फेब्रुवारी २०१७ ला अमेझॉनच्या एका अभियंत्याने हुकूम देताना चूक केली, हवे होते त्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले आणि काही तास लोकांना आपल्याच घरातले दिवे लावता येईनात. ७ डिसेंबर २०२१ ला पुन्हा तसंच काही झालं तेव्हा झाडू मारणारे रोबो हुकूम ऐकेनात. रेव्हॉल्व्ह नावाचा एक हब होता, तीनशे डॉलरचा. कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि १५ मे २०१६ ला सर्व्हर बंद केला. घराघरांतल्या डब्या ठणठणीत, तारा ठणठणीत, आणि सगळं मृत. असं कार्ड माझ्या मेजावर आलं असतं तर मी त्यावर काय लिहिलं असतं? आत ठीक, बाहेर ठीक?

आमच्या गुरुवारकडे येते. मी एक वही घातली. सात गुरुवारांची नोंद केली, त्यांत चार वेळा लाल, तीन वेळा पांढरा. वीज जायची वेळ, यायची वेळ, पाऊस, मी घरात होते की नाही, सगळं. आठव्या गुरुवारी पानं समोर ठेवून अण्णांचा प्रश्न स्वतःला विचारला. पांढऱ्या तीन गुरुवारी मी सकाळी लवकर बाहेर पडले होते: एकदा बँक, एकदा डोळ्यांचे डॉक्टर, एकदा बहिणीकडे. लाल चारही गुरुवारी मी टीव्ही बघत बसलेली असताना वीज गेली होती. बाहेर पडताना मी टीव्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद करते. बघता बघता वीज गेली की बटण चालूच राहतं.

टीव्हीचा आणि हबचा काय संबंध?

त्या दिवशी वीज आली, डोळा लाल झाला आणि मी काहीही बंद-चालू न करता लॅपटॉप उघडला. हबचा नेटवर्कवरचा पत्ता जावयांनी शोकेसच्या आत कागदावर लिहून चिकटवला होता. त्या पत्त्यावर पिंग केलं. 'ओ' आली. म्हणजे हब जिवंत आहे? मग लाल का? जरा विचार केला आणि हबच्या मागची केबल उपसली. आपली बॅटरी काढून घेतली म्हणा ना.

पुन्हा पिंग. 'ओ' येतच राहिली.

मी खुर्चीत मागे टेकून बसले. एकटीच हसत होते. डबी तारेपासून तुटलेली, आणि तिच्या नावाने दुसरं कुणीतरी ओ देतंय. फॉरिन बॅटरी. टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद केलं. पिंग गप्प.

झालं होतं ते असं. जावयांनी हबला एक पक्का पत्ता हबमध्येच लिहून दिला होता, म्हणजे मोबाइलला तो सापडायला सोपा. पण राऊटरला ते सांगितलं नव्हतं. राऊटर बिचारा येईल त्याला आपल्या यादीतला मोकळा पत्ता वाटत बसतो. वीज गेली की त्याची यादी कोरी. वीज आली की टीव्ही मिनिटभरात उठायचा आणि पत्ता मागायचा. हबला जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागायची. त्या मधल्या वेळात राऊटरला हबचा पत्ता रिकामा दिसायचा आणि तो टीव्हीच्या पदरात पडायचा. मागून हब उठून त्याच पत्त्यावर हक्काने जाऊन बसायचा. रात्री मी झोपताना टीव्ही भिंतीपासून बंद करायचे आणि मगच जावयांना फोन करायचे, म्हणून त्यांचं 'बंद करून चालू' दर वेळी लागू पडायचं.

राऊटरमध्ये जाऊन हबच्या नावाने तो पत्ता राखून ठेवला. दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी फोनवर सांगितलं तर जावई क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "आई, चूक माझीच की हो." मी म्हटलं, "आत होता." त्यांना काही कळलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम टीव्ही लावून बसले. पावणेनऊला वीज गेली, साडेतीनला आली, डोळा पांढरा. वहीत लिहायला पेन उचललं आणि हात आपसूक तीन अक्षरांकडे वळला. खोडलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा टीव्ही लावला, त्याच्याही पुढच्या. तिसऱ्या गुरुवारी रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले, पाय टेकवला, पॅसेजमधला दिवा लागला. सकाळी चहा टाकायच्या आधी वही काढली आणि लिहिलं: कॉन्टॅक्ट, हब व टीव्ही, घरात. दूर केला.